मांसातलं पांढरं

लेथब्रिजमध्ये माणूस पडला तर वाऱ्यावर ढकलून मोकळं होता येतं. डोंगराकडून असा वारा सुटतो की ट्रक आडवे होतात, कचऱ्याचे डबे स्वतःहून रस्ता ओलांडतात आणि भल्याभल्यांच्या टोप्या नदीत जातात. त्यामुळे आलिदा वीन्स्ट्रा भर दुपारी लायब्ररीसमोरच्या चौकात, फुटपाथवरून पाय खाली टाकताना डावा गुडघा दुमडून कोसळली तेव्हा तिच्या तोंडून आपोआप "वारा" असंच निघालं. हातात कॉफीचा कागदी कप धरलेला एक म्हातारा वाकून विचारत होता, "लागलं का हो बाई?" "नाही, नाही. वारा." "मेला वाराच," म्हातारा म्हणाला आणि तिच्या कोपराला धरून तिला उठवताना त्याने मोठ्या सभ्यपणे पोस्टाच्या इमारतीकडे बघायचं टाळलं. तिथला झेंडा खांबाला चिकटून लोंबत होता. झाडाचं पान हलत नव्हतं. अर्थात फेब्रुवारीत हलायला पानं नव्हतीच. तिने कोटावरचा बर्फ झटकला, म्हाताऱ्याचे आभार मानले आणि सरळ, अगदी सरळ, एखाद्या परीक्षकासमोर चालावं तशी आपल्या गाडीपर्यंत चालत गेली.

गाडीत बसून तिने किल्ली फिरवली नाही. डाव्या मांडीवर अंगठा दाबला. मांस कसं दाबायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आयुष्य त्यातच गेलं होतं. शहराच्या पूर्वेला, जिथे घरं संपून गव्हाची रानं सुरू होतात, तिथल्या संशोधन केंद्रात ती पोसायला घातलेल्या बैलांच्या मांसात काय बदलतं आणि कधी बदलतं याचा अभ्यास करायची. पार्ट्यांत कुणी विचारलं की ती एवढंच सांगायची, "बैल जाड होतो तेव्हा आत काय होतं ते बघते." लोक हसायचे. पण आत जे होतं ते तिला खरोखरच सुंदर वाटायचं. रानातून आलेला हडकुळा गोऱ्हा बार्लीवर लावला की चरबी आधी पोटात आतड्यांभोवती धरते, मग कातडीखाली, मग एका स्नायूच्या आणि दुसऱ्या स्नायूच्या मधल्या फटीत, आणि सगळ्यात शेवटी, जनावर जवळजवळ तयार झालं की, खुद्द मांसाच्या आत. लाल मांसात पांढऱ्या बारीक रेघा उमटायला लागतात. बाजारात त्या रेघांसाठीच सगळी मारामारी असते, कारण तव्यावर मांस मऊ राहतं ते त्यांच्यामुळे; रेघा जितक्या जास्त, तितका दर्जाचा शिक्का वरचा. केंद्रात त्याला भारदस्त नाव होतं. तिच्या घरी मात्र, म्हणजे बाबांच्या फीडलॉटवर, जनावरं पोसायच्या वाड्यावर, त्याला नुसतं "पांढरं" म्हणत. पांढरं आलं का? आलं थोडं. अजून चार आठवडे खाऊ दे, येईल.

आणि बाबांनाही ते आलं होतं. हे ती कधी कुणाला अशा शब्दांत बोलली नव्हती. स्नायूंचा तो आजार घराण्यातून उतरतो, पन्नाशीच्या आसपास तोंड वर काढतो, आणि मग हळूहळू मांस जातं आणि त्याच्या जागी चरबी बसते. आईबापांपैकी एकाला असला तर मुलाला यायची शक्यता निम्मी. बाबांचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी आलिदाला सांगितलं होतं की रक्ताची तपासणी असते, साधी, हवी तेव्हा करा. तिने "नंतर बघू" म्हटलं. ते नंतर बघू बाबांच्या आजारपणात चाललं, त्यांच्या मरणात चाललं, तिच्या लग्नात आणि पुढे त्या लग्नाच्या मोडण्यातही चाललं, आणि आता ती सत्तेचाळीस वर्षांची होऊन लायब्ररीसमोर पडली होती. दुसऱ्यांच्या जनावरांची एकेक पेशी मोजणारी बाई स्वतःच्या रक्ताचा एक थेंब द्यायला तयार नव्हती, याला काय म्हणायचं? ती त्याला शहाणपण म्हणायची. कळून काय करणार, उपाय तर नाही. ती असं म्हणायची, आणि कुणी तपासणीचं नाव काढलं की विषय बदलायची.

कॅल्गरीच्या इस्पितळातला तो दिवस तिला गाडीत बसल्या बसल्या परत दिसला. ती तेव्हा विद्यापीठात शिकत होती. भिंतीवरच्या उजेडाच्या पाटीवर बाबांच्या मांडीची चित्रं लावलेली, आडवा काप घेतल्यासारखी. डॉक्टर खालच्या आवाजात सांगत होते, हे काळं आहे तो शिल्लक राहिलेला स्नायू, आणि हे पांढरं आहे ती... बाबा खुर्चीतून पुढे झुकले. बारेन्ड वीन्स्ट्रा, पिक्चर ब्यूट गावाच्या पट्ट्यात ज्यांच्या जनावरांना खरेदीदार न बघता भाव देत, ते चित्राकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्याला तर सगळ्यात वरचा शिक्का मिळेल." डॉक्टरांना कळेना. आलिदाला कळलं आणि तिला हसू फुटलं, आणि तिला हसताना बघून बाबांना, आणि मग दोघं बापलेक त्या खोलीत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. डॉक्टर बिचारे जमिनीकडे बघत होते. नंतर वाहनतळावर बाबांचा उजवा पाय ट्रकच्या पायरीवर चढेना. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, गोणी ठेवतात तसा आत ठेवला, आणि मग उरलेले ते चढले. वाटेत फोर्ट मॅक्लाउडपाशी थांबून त्यांनी सूप प्यायलं.

त्याच्याही आधी, निदानाच्या पुष्कळ आधी, चर्चमधली ती सकाळ होती. त्यांच्या डच चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की बाप कोटाच्या खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढतो आणि त्या बाकावर हातोहात पुढे जातात. प्रवचनाचे मुद्दे तीन, तेव्हा गोळ्याही तीन. पाळकाने पहिला मुद्दा घेतला आणि बाबांना गोळ्यांच्या गुंडाळीचा कागद सोलता येईना. आलिदा शेजारीच बसलेली. ती जाड, जनावरांना दावं बांधणारी बोटं त्या कागदाशी झटत होती. मग अख्खी गुंडाळी सुटली, गोळ्या फरशीवर पडल्या आणि उतारावरून बाकांखालून घरंगळत थेट पाळकाच्या पायऱ्यांपर्यंत गेल्या. साऱ्या चर्चने तो आवाज ऐकला. भाऊ एव्हर्टने खी करून दात काढले, आईने त्याला चिमटा काढला. बाबा मात्र आपल्या हाताकडे बघत होते, नोकराने चोरी करावी आणि मालकाने ती बघावी तसे. निदान झाल्यापासून आलिदा स्वतःच्या बोटांकडे लक्ष ठेवून असायची. बाटलीचं झाकण, शर्टाचं बटण, कुलपातली किल्ली, सगळ्या तिच्या परीक्षा. बोटं कधी नापास झाली नाहीत. मांडीकडून दगा होईल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रातलं सोनोग्राफीचं काम लवकर आटोपलं. बैलाला खोड्यात घ्यायचं, पाठीवरचे केस कातरायचे, कोमट केलेलं कनोलाचं तेल ओतायचं आणि शेवटच्या दोन बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवायचा. पडद्यावर पाठीच्या मांसाचा काप दिसतो आणि त्यातलं पांढरं वाचता येतं. त्याच त्याच जनावराला दर काही आठवड्यांनी असं बघत राहिलं की मांस बदलताना डोळ्यांसमोर दिसतं. मदतनीस जनावरं घेऊन गेले. आलिदा यंत्र पुसत होती. पुसता पुसता थांबली. तिने दाराला आतून कडी घातली, बूट काढले, पँट उतरवली, पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली आणि आपल्या मांडीवर तेल ओतलं. पलीकडच्या कप्प्यातला एक बैल फळीच्या फटीतून तिच्याकडे बघत रवंथ करत होता. "तू तिकडे बघ," ती त्याला म्हणाली. मग तिने प्रोब टेकवला.

पडदा पांढरा झाला. नुसत्या रेघा नाहीत; ठिपके, झुबके, वरपासून खालपर्यंत, काळं शोधावं लागेल इतकं पांढरं. आणि भीती वाटायच्याही आधी, तोंडातून सवयीने दर्जा निघून गेला, रोज निघतो तसाच, मोठ्याने, कोपऱ्यात लिहून घ्यायला कुणी उभं असल्यासारखा. सगळ्यात वरचा. मग ती हललीच नाही. मांडीवर तेल थंड होत गेलं. हजारो जनावरं वाचलेले डोळे होते ते, चुकायचे नाहीत. लोक तिच्याकडून शिकायला पार शेजारच्या सास्काचुअन प्रांतापासून येत. तिने शांतपणे पँट चढवली, यंत्र बंद केलं, त्याच्यावर आच्छादन घातलं, आणि घरी जाताना दूध घ्यायलाही विसरली नाही. याचंच तिला पुढे नवल वाटत राहिलं, की ती दूध घ्यायला विसरली नाही.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. रडूबिडू काही नाही. उलट हात कामाला लागले. स्कीची जोडी तिने शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली. तळमजल्यावरचा एक फ्लॅट बघायला गेली, तर दलालबाई हौसेने म्हणाली, "आणि गंमत म्हणजे एकही पायरी नाही, अगदी म्हातारपणापर्यंत चिंता नको!" आलिदाने तिला दाद दिली. जेवताना घास तोंडात घेऊन ती थबकायची: हा आता कुठे जाऊन बसेल? ती स्वतःकडे आपल्याच कप्प्यातल्या जनावरासारखी बघायला लागली होती, तयार होत आलेलं, अजून थोडे आठवडे. आंघोळीला गेली की नजर खाली जाऊ द्यायची नाही. रात्री अंथरुणात मात्र मांडी आपली आपण जड व्हायची, आणि बाबांची मांडी होऊन तिच्या शेजारी पडून राहायची. शेवटच्या वर्षी ती त्यांना आंघोळ घालायची, तेव्हा हाताला लागणारा तो मऊपणा. त्यांचा चेहरा आठवायला जावं तर तो मऊपणाच आठवायचा. बापाचं प्रेमाने काही आठवायचं म्हटलं की मधे आपलं भविष्य येऊन उभं राहायचं, याचा तिला इतका राग यायचा की काय सांगावं. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. आई कोलडेलच्या वृद्धाश्रमात होती, तिला सांगायचा प्रश्नच नव्हता. राहिला एव्हर्ट.

एव्हर्ट तिचा मोठा भाऊ. बाबांचा फीडलॉट आता तो चालवायचा. अंगाने दाराएवढा, आवाजाने त्याहून मोठा. लहानपणी दोघांचं मेतकूट होतं. पण गेली कितीतरी वर्षं तो तिला टाळायचा. भांडण नाही, तंटा नाही; ख्रिसमसला बोलावणार, ताटात वाढणार, थट्टाही करणार, पण दोघंच उरली की त्याला हटकून गोठ्यात काहीतरी काम निघायचं. आलिदाला वाटे, मी नवऱ्याला सोडलं म्हणून. कधी वाटे, शिकले म्हणून. यंदाच्या प्रयोगात केंद्राला एका चालू फीडलॉटवरचीही जनावरं हवी होती, आणि त्याने आपली दिली, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता तिथे जायचा दिवस आला आणि तिला जाववेना. गेली. काम होतं.

सकाळी हवा इतकी गार होती की बैलांच्या श्वासांचं धुकं कप्प्यांवर तरंगत होतं. एव्हर्टने पाठीवर थाप मारून स्वागत केलं, "या, प्रोफेसरीणबाई! आमच्या बैलांची कुंडली मांडायला आलात?" निम्मी जनावरं झाली. एका दांडग्या काळ्या बैलाने खोड्यात धडक दिली, आलिदा दचकून मागे सरली, डाव्या पायावर भार आला आणि गुडघा पुन्हा दुमडला. एव्हर्टने तिला जॅकेटच्या कॉलरला धरून वरच्या वर उचललं.

"काय गं, सकाळी सकाळी घेऊन आलीस की काय?"

"सोड मला."

"सोडलं तर पडशील. काय झालंय पायाला?"

ती खोड्याला टेकून उभी राहिली. खोटं तयार होतं, वाऱ्याचं. पण तिथे, त्या शेणाच्या आणि बार्लीच्या वासात, बाबा जिथे उभे राहायचे त्याच फळीपाशी, ते तोंडातून निघेना. "बाबांचं आलंय मला, एव्हर्ट," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "मला ठाऊकच होतं." आणि तोंड फिरवून कप्प्यांकडे बघत, घोगऱ्या आवाजात, "कोण डॉक्टर म्हणाला?"

"डॉक्टर नाही. मी बघितलं."

"कशावर?"

तिने मानेनेच यंत्राकडे खूण केली. एव्हर्टने यंत्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, खोड्यातल्या काळ्या बैलाकडे बघितलं. "ह्याच्यावर? बैलांच्या यंत्रावर?"

"मांस ते मांस, एव्हर्ट. मला वाचता येतं."

"हो, ते साऱ्या प्रांताला ठाऊक आहे." तो थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग एकाएकी त्याने गोठ्याच्या ऑफिसचं दार उघडलं, यंत्राची गाडी आत ढकलली, तिला आत घेतलं, आणि टेबलावरचे कागद बाजूला सारून कमरेचा पट्टा सोडायला लागला.

"अरे, काय करतोयस?"

"माझी बघ."

"वेड लागलंय का तुला? कोरी आली तर काय म्हणेल?"

"माझी बायको मला रोज ह्याच अवतारात बघते. बघ म्हणतोय ना! मला नाहीये ते. मी तपासून घेतलंय. मग माझ्यात काय दिसतं ते बघ."

एवढं म्हणून तो लाल लांब चड्डी गुडघ्यापर्यंत खाली सारून टेबलावर बसला, छातीवर हात बांधून, नजर छताकडे. टेबल करकरलं. आलिदाच्या डोक्यात 'तपासून घेतलंय' हे घुमत होतं, पण हात आपलं काम करत होते. तेल. प्रोब. पडदा उजळला आणि ती बघतच राहिली. एव्हर्टची मांडी, जिच्या जोरावर तो अजून वासरू खांद्यावर घेऊन कुंपण ओलांडायचा, वरपासून खालपर्यंत पांढरी फटक होती. तिच्याहून पांढरी.

एव्हर्टने मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं. त्यालाही पांढरं वाचता येत होतं, बापाने दोघांनाही शिकवलं होतं. "अगं आई गं," तो बारीक आवाजात म्हणाला. "मला पण?"

आलिदाची नजर पडद्यावरून हळूहळू खाली, बटणांच्या ओळीवर आली. हिवाळ्यात बैलांना दाट केस येतात, कातडी थंड आणि जाड होते, आवाजाच्या लहरी त्यात गुदमरतात. म्हणून नोव्हेंबर लागला की आलिदा स्वतःच्या हाताने चित्राचा जोर वाढवणारं बटण पार वर चढवून ठेवायची, म्हणजे आतून येणारा दुबळा प्रतिध्वनी मोठा होऊन दिसावा. वसंतात खाली आणायची. एवढ्या जोराने माणसाच्या पातळ, उघड्या कातडीवर लावल्यावर काय दिसणार? बारीकसारीक सगळंच पांढरं दिसणार. पाळकाची मांडीही पांढरी दिसली असती. तिने बटण खाली आणायला सुरुवात केली. सकाळी गाडी तापली की काचेवरचं दहिवर जसं जातं तसं ते पांढरं विरत गेलं, आणि खालून एव्हर्टचा स्नायू निघाला, काळाभोर, घट्ट, सुंदर. मग तिथेच तिने स्वतःची पँट उतरवली आणि प्रोब आपल्या मांडीवर ठेवला. काळं. कुठे एखादी रेघ, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या मांडीत असायची तेवढी.

"मला पण आलं का ते सांग ना!" एव्हर्ट ओरडला.

तिला हसू आवरेना. तुलनेला दुसरं जनावर घेतल्याशिवाय पहिल्याबद्दल बोलायचं नाही, हे पोराटोरांना वर्गात पहिल्या दिवशी सांगणारी ती, स्वतःच्या वेळी एकाच जनावरावर निकाल देऊन मोकळी झाली होती! "नाही आलं, गाढवा," ती म्हणाली, "बटण हिवाळ्यावर राहिलं होतं." आणि ती एवढी हसली की तेलाची बाटली लवंडली. एव्हर्टला पुरतं कळलं नाही तरी तोही हसला. दोन प्रौढ भावंडं चड्ड्या खाली करून गोठ्याच्या ऑफिसात हसत होती, आणि खिडकीतून कुणी बघितलं असतं तर वीन्स्ट्रांच्या नावाची पिक्चर ब्यूटभर शोभा झाली असती.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "तू कधी तपासून घेतलंस?"

एव्हर्ट पट्टा लावत होता. भोक सापडायला त्याला फार वेळ लागला. "कोरीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा."

"तेव्हा बाबा होते!"

"होते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? निम्म्यांना येतं म्हणाले डॉक्टर. आपण दोघं. मला नाही, म्हणजे..." त्याने हाताने तिच्याकडे नुसती खूण केली. "तुझ्या वाटचं मी घेतलं असं वाटायचं गं. तुझ्यासमोर बसलं की घास जायचा नाही."

आलिदा त्याच्याकडे बघत राहिली. ही एवढी वर्षं. गोठ्यात निघालेली ती सगळी कामं. "एव्हर्ट," ती म्हणाली, "असं नसतं रे. केकचे दोन तुकडे नाहीत ते, एक तुला एक मला. नाणं प्रत्येकासाठी वेगळं उडवतात. दोघांना येऊ शकतं, दोघांनाही नाही येऊ शकत."

"खरं?"

"खरं."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?" तो एवढ्या तावातावाने म्हणाला की तिला परत हसू आलं, पण त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला त्याने नाक शिंकरलं. मग म्हणाला, "तर मग उडव ना नाणं. किती दिवस मुठीत धरून बसणार?"

भीती गेली नव्हती. यंत्राने एवढंच सांगितलं होतं की अजून काही दिसत नाही. पण एकदा सगळं संपलं असं समजून तिने जगून बघितलं होतं, स्की देऊन झाल्या होत्या, बिनपायऱ्यांचं घर बघून झालं होतं, आणि त्या संपलेल्या जगण्यात तिला विशेष रस वाटला नव्हता. रक्त तपासायला कॅल्गरीला एव्हर्टच घेऊन गेला. निकालाच्या दिवशीही तोच, चर्चचा कोट घालून. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी प्रस्तावना केली नाही, त्याबद्दल आलिदा त्यांना जन्मभर दुवा देईल. "तुमच्यात ते नाही," त्या म्हणाल्या. "पुढेही होणार नाही. गुडघ्यातली कूर्चा मात्र फाटली आहे, चित्रात दिसते. कामात एकाच पायावर वाकून उभ्या राहता का?" आलिदाने मान हलवली. खोड्याला टेकून, डाव्या पायावर, उमेदीची सगळी वर्षं घातली होती तिने. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा: खळ्ळकन नाही, आवाजच नाही. कुठेतरी अखंड चालू असलेलं एक यंत्र बंद पडतं, आणि ते चालू होतं हे तेव्हा कळतं. बाहेर येऊन तिने एव्हर्टला सांगितलं, तर त्या दांडगोबाने इस्पितळाच्या बोळात मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि बाजूच्या अनोळखी बाईशी हस्तांदोलन केलं.

परतीच्या वाटेवर ती ट्रकच्या खिडकीतून बाहेर बघत होती. रानं वितळत होती, काळी ओली पट्टी बर्फातून वर येत होती. आणि फोर्ट मॅक्लाउड मागे पडल्यावर तिला बाबा आठवले. नुसते बाबा. त्यांच्या मिशीला लागलेलं सूप, त्यांचं गाणं बेसूर म्हणणं, कुंपणावर बसून तिला जनावर कसं वाचायचं ते सांगणं. मधे काही येऊन उभं राहिलं नाही. त्यांचा आजार आता फक्त त्यांचा होता, तिचा त्यात वाटा नव्हता. आणि केवढा एकट्याने सोसला तो माणसाने, हे तिला पहिल्यांदा, इतक्या वर्षांनी, त्यांच्या बाजूने कळलं. ती रडायला लागली. एव्हर्ट घाबरला. "आता काय? नाही म्हणाले ना?" "बाबांसाठी रे," ती म्हणाली. "आज वेळ मिळाला." त्याने मान हलवली आणि ट्रकचा वेग कमी केला.

कोलडेलला त्याने तिला वृद्धाश्रमाच्या दाराशी सोडलं, डिझेल भरून येतो म्हणाला. आईची खुर्ची लांब बोळाच्या टोकाला होती. खिडकीतून ऊन येतं म्हणून ती तिथे बसते, असं सगळ्यांना वाटायचं. आलिदा तिच्याजवळ स्टूल ओढून बसली आणि सगळं सांगितलं, बटणाचंही, एव्हर्टच्या लाल चड्डीचंही. हिल्टा वीन्स्ट्रा ऐकत होती. तोंडावरची सुरकुती हलली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. मग विचारलं, "मी खुर्ची इथे का ठेवायला लावली, ठाऊक आहे?"

"ऊन येतं म्हणून."

"ऊन जेवणघरात जास्त येतं. इथून दार दिसतं. तू आत आलीस की इथपर्यंत सबंध दिसतेस." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "टाच आधी टेकते की चवडा, ते बघायचे. बारेन्डचा चवडा आधी टेकायला लागला होता. आजवर तू आलीस आणि मी तुझं तोंड आधी बघितलं, असं एकदा झालं नाही."

"कधी बोलली नाहीस, आई."

"काय बोलणार?" आईने चष्मा परत चढवला, काचा नीट बसवल्या. "जा. परत एकदा ये दारापासून. आता नुसती बघते तुला."

आलिदा उठली. बोळ पार करून दारापर्यंत गेली आणि वळली. गुडघ्याला जाड पट्टा बांधलेला, त्यामुळे पाय बाहेर टाकावा लागत होता. काय करावं न कळून तिने हात हलवला आणि चालायला लागली. बोळाच्या टोकाला आई पुढे झुकून बघत होती, आणि निम्म्या वाटेवर आलिदाला दिसलं की ती हसते आहे.

"काय गं ही चाल!" आई इतक्या मोठ्याने म्हणाली की एका खोलीतून नर्सने डोकं बाहेर काढलं. "अगदी बदकासारखी! एवढी शिकलीस, आणि चालता येत नाही तुला!"

आलिदा तिच्यापर्यंत पोहोचली, तिच्या गालाला गाल लावला, आणि कुणी न सांगता परत दाराकडे वळली.